तोंडी अकरा

दाराची चौकट एक, बाभळीची. उंची सहा फूट तीन इंच, रुंदी एकतीस इंच. लोखंडी बार एक, दोन्ही टोकांना रबरी टोप्या, फिरवला की लांब होऊन चौकटीत घट्ट बसणारा. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा एक, पालथा. आलेखाच्या कागदाची पट्टी एक, वीस सेंटिमीटर लांब, बारच्या खाली चौकटीला डिंकानं चिकटवलेली. शंभर पानी वही एक. भाऊ एक, वय वीस वर्षं सात महिने, वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम.

चार नोव्हेंबरच्या सकाळी मी हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं तेव्हा दिगू बारखाली उभा राहून म्हणाला, "आक्का, लग्नाची यादी झाली असंल तर लोंबकळू का?"

मी थांब म्हटलं, कारण आई हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली होती. दारात लोंबकळलेलं चांगलं नसतं, असं तिनं आदल्या दिवशी दोनदा सांगून पाहिलं होतं. पोरं ऐकत नाहीत म्हटल्यावर तिनं बारला नव्या यंत्राला लावतात तशी हळदकुंकवाची बोटं लावली, बारखालून वाकून स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी थापायला बसली.

दिगू म्हणजे दिग्विजय, माझा धाकटा भाऊ. सतरा फेब्रुवारीला जिल्ह्याच्या गावी सैन्यभरती होती. पळण्यात तो पक्का होता, सोळाशे मीटरची त्याला काळजी नव्हती. काळजी बीमची होती. बीमला लटकायचं, हनुवटी आडव्या दांड्याच्या वर न्यायची, खाली येऊन हात पूर्ण सरळ करायचे, पुन्हा वर. दहा झाले तर पूर्ण गुण, सहाच्या आत राहिलं तर तिथूनच घरी. आधीच्या वर्षी तो चारावर बाद झाला होता. एप्रिलमध्ये त्याला एकवीस पूर्ण होत होती आणि त्यानंतरच्या भरतीला वय बसणार नव्हतं. म्हणजे ही शेवटची.

मी त्या वर्षी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. एम.एस्सी.च्या दोन याद्या लागल्या, दोन्हींत मी नव्हते. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर, हंगामात घरी फक्त जेवायला आणि झोपायला. आई सकाळी अंगणवाडीत. मी मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत फेऱ्या मारायचे. कशातच मन लागत नव्हतं. मोजायला कुणीतरी पाहिजे, असं दिगू म्हणाला आणि मी ते काम जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

मोजायला माणूस लागतोच. लटकलेल्या माणसाला स्वतःची हनुवटी दिसत नाही. ती दांड्याच्या वर गेली की दोन सेंटिमीटर खालीच राहिली, हे बाजूला उभं राहणाऱ्यालाच कळतं, आणि तेही डोळा बारच्या पातळीत असेल तरच. डब्यावर उभी राहिले की माझा डोळा बरोबर तिथं यायचा.

पहिल्या दिवशी त्यानं आठ वेळा अंग वर ओढलं. मी म्हटलं, पाच.

त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. मी त्याला पट्टीवर दाखवलं: सहावा दीड सेंटिमीटर कमी, सातवा तीन, आठवा सहा. तो म्हणाला, दीड सेंटिमीटर कोण बघतंय. मी म्हटलं, भरतीतला सुभेदार बघतो, गेल्या वर्षी बघितलं त्यानं.

बारा दिवस मी अशी मोजत राहिले. पाच, पाच, सहा, पाच, सहा. आकडा सांगितला की तो बारवरून उतरायचा, तळहात चोळायचा आणि बाहेर निघून जायचा. मग जेवण अर्धं टाकायला लागला. एका सकाळी मी पाच म्हटलं तर त्यानं पायानं डबा उडवला. मी डब्यावरून आधीच उतरले होते म्हणून बरं.

त्या दिवशी आईनं मला अंगणवाडीत बोलावून घेतलं. महिन्याच्या वजनांचा दिवस होता. छताच्या हुकाला काटा टांगलेला, काट्याला झोळी, झोळीत एक मूल रडत होतं. आईनं काटा वाचला, रजिस्टरात लिहिलं आणि मुलाच्या आईला म्हणाली, वाढायला लागलंय गं, नाचणी सोडू नको. मी मान वाकवून रजिस्टर पाहिलं. मागच्या महिन्याचा आकडा आणि या महिन्याचा आकडा एकच होता.

बाई गेल्यावर मी आईकडे पाहिलं.

"बघू नको तशी," आई म्हणाली. "रजिस्टरात मी खोटं लिहीत न्हाई. पण त्या पोरीला सांगितलं की काय वाढ न्हाई, तर ती घरी जाऊन सासूच्या शिव्या खाणार आणि हातपाय गाळून बसणार. वाढतंय म्हटलं की नेट लावती. पुढच्या महिन्याला काटा खरंच हलतो. रजिस्टरात खरं, तोंडात बरं. दिगूला एकदा सात म्हणून बघ."

खोटं बोलायला मी तयार नव्हते. पण आईचं म्हणणं तपासून पाहण्यासारखं होतं, आणि तिथंच मी अडकले. घरी येऊन मी वहीत पट्टीनं एक नवी उभी रेघ ओढली. डाव्या रकान्यावर लिहिलं: तोंडी. उजव्यावर: खरे.

दुसऱ्या दिवशी दिगूचे सहा झाले आणि सातवा एक सेंटिमीटर कमी पडला. मी मोठ्यानं म्हटलं, सात. वहीत लिहिलं, तोंडी सात, खरे सहा.

तो उतरला आणि हसला. बारा दिवसांत पहिल्यांदा. त्या सकाळी त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या.

आई म्हणाली होती तसंच झालं. आठवड्याभरात खरे सात झाले. मग मी तोंडी आठ केले, तर डिसेंबर संपता संपता खरेही आठ. मी आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढल्या, वरची लाल, खालची निळी. निळी लालच्या मागोमाग चढत होती. तो आलेख मी उशाखाली ठेवायचे, दुपारी काढून बघायचे, पुन्हा ठेवायचे. किती दिवसांनी मला काहीतरी कळत होतं. आपला भाऊ आणि त्याची भरती यांपेक्षा त्या दोन रेषांमधलं अंतर मला जास्त खेचायला लागलं होतं, हे मी आज लिहू शकते.

नवीन वर्षात तोंडी दहा झाले. दिगूनं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. आईनं शिरा केला. वहीत खरे सात होते.

मला वाटलं, एखादा दिवस असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. मग सहा. मी बारकाईनं बघायला लागले तेव्हा दिसलं की ओढायचा तो दहा वेळाच, पण प्रत्येक ओढ थोडी आधी संपत होती. हनुवटी बारच्या दोन सेंटिमीटर खालपर्यंत पोचली की मी आकडा बोलायचे, आणि माझा आवाज कानावर पडला की त्याचं अंग तिथूनच खाली सुटायचं. दर आठवड्याला ती जागा आणखी अर्धा सेंटिमीटर खाली सरकत होती, आणि तिच्याबरोबर माझा आवाजही सरकत होता. कोण कुणामागं जात होतं, ते मला ठरवता येईना.

एकदा मी गप्प राहून पाहिलं. हनुवटी वर जाईपर्यंत आकडा बोलायचा नाही. तो मध्येच लटकून ओरडला, "मोज की, झोपलीस काय!" आणि मी मोजलं.

खाली आणायचा प्रयत्नही केला. एका सकाळी दहाच्या ठिकाणी नऊ म्हटलं. दिवसभर तो घरात आलाच नाही. वडील जेवताना विचारायला लागले, दिग्या कुठाय. दुसऱ्या दिवशी मी अकरा म्हटलं. वहीत लिहिलं पाच. मी ठरवायचे, उद्या सांगू. उद्या आला की डब्यावर चढायचे, मोजायचे, उतरायचे. आलेख उशाखालून काढून ट्रंकेत टाकला. लाल रेषा वर चालली होती आणि निळी खाली, आणि मी दोन्ही रोज नेमानं काढत होते.

आमच्या गावात शिंगाडे म्हणून एक निवृत्त हवालदार होते. आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, तसे ते मेजर. शाळेच्या मैदानात त्यांनी पाईप पुरून बीम उभा केला होता आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर भरतीच्या पोरांची चाचणी घ्यायचे. दिगू आदल्या दिवशीच गल्लीत सांगून आला होता की उद्या अकरा बघायला या.

मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. घरात त्या दारातून किती वेळा आले-गेले त्याची गणती नाही.

दहाच्या सुमाराला तो आला. शर्टाची बाही फाटली होती. पोरं हसली तेव्हा एकाशी झटापट झाली होती, ते नंतर कळलं. मला एवढंच म्हणाला की मेजरला मोजता येत नाही, म्हाताऱ्याची नजर गेली आहे, अकरा मारले आणि त्यानं चार मोजले. चार, म्हणाला, चार. मग माझ्यासमोर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आक्का, उद्या सकाळी तू चल माझ्याबरोबर. वही घे. तुझ्या मोजणीत कधी चूक झाली न्हाई. तुझी वही दाखवली की म्हाताऱ्याचं तोंड बंद होतंय."

मी म्हटलं, वही कशाला, जाऊ दे की. तो म्हणाला, जाऊ कसं दे, गावानं ऐकलंय चार.

त्या वेळी सांगायला हवं होतं. घरात तो, मी आणि आईच होतो. आई दारात उभी होती, तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी वही शोधायला म्हणून आत गेले.

दुसऱ्या सकाळी मी त्याच्या मोटरसायकलवर मागं बसले. शाळेपर्यंत दीड किलोमीटर. पिशवीत वही. कालव्यावर मी म्हटलं, थांब जरा. त्यानं गाडी थांबवली, काय झालं म्हणून मागं वळून पाहिलं. त्याच्या तोंडावर एवढा विश्वास होता की मी म्हटलं, काही नाही, ओढणी अडकली. त्यानं वाकून चाकात न अडकलेली ओढणी बघितली, नीट सोडवल्यासारखं केलं आणि गाडी पुढं घेतली.

मेजर बीमखाली पोरांना जोर मारायला लावत होते. पोरं आठ होती. दिगूनं रामराम घातला आणि सांगितलं की ही माझी बहीण, शास्त्र शिकलेली आहे, हिनं तीन महिने रोजची नोंद ठेवली आहे, डोळा पातळीत धरून. पिशवीतून वही त्यानंच काढली आणि मेजरच्या हातात दिली.

मेजरनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, चौकट, बार, डबा, पट्टी, आणि मान हलवली. त्यांना ते आवडल्याचं दिसलं. मग पानं उलटत गेले. हळूहळू त्यांची बोटं थांबायला लागली. शेवटच्या पानावर त्यांनी नख टेकवलं.

"हे दोन रकाने कशाचे, बाई?"

पोरांनी जोर थांबवले होते.

"पंचवीस जानेवारी," मेजरनी मोठ्यानं वाचलं. "तोंडी अकरा. खरे चार." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे माझी मोजणी आणि तुझी मोजणी एकच हाय की. चारच."

दिगूनं वही त्यांच्या हातातून घेतली. उभ्या उभ्या त्यानं मागची पानं चाळली, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर, जिथं रेघ सुरू झाली होती तिथपर्यंत. मग पुन्हा पुढं आला. डिसेंबरच्या अखेरच्या पानावर थांबला.

"आठ झाले होते माझे," तो म्हणाला. "खरे आठ."

मी हो म्हटलं.

"मग खाली आले."

मी हो म्हटलं.

"आणि तुला दिसत होतं."

मेजरनी पोरांना पळायला पाठवलं. जाताना ती एकमेकांकडं बघत होती, पण हसलं कुणी नाही. दिगूनं वही मिटून माझ्या हातात दिली, गाडीला किक मारली आणि मला तिथंच ठेवून निघून गेला. मी चालत आले. दोन हजार एकशे चाळीस पावलं झाली.

घरी आई भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं की तूच सांगितलं होतंस, तोंडात बरं. मला तिनं स्वतःला दोष द्यावा असं वाटत असावं. तिनं हात धुतले, पदराला पुसले.

"माझ्या रजिस्टरात काटा खाली गेला ना," ती म्हणाली, "की मी त्याच दिवशी त्या घरी जाते. डॉक्टरकडं नेते, रोज जाऊन बघते पोरानं खाल्लं का. खरं लिहायचं ते त्यासाठी. तू खरं लिहिलंस आणि वही मिटून ठेवलीस. मला तरी दाखवायची होतीस."

एकवीस दिवस राहिले होते. दिगू पहाटे मैदानात जायचा, मेजरांच्या हाताखाली. माझ्याशी बोलत नव्हता. आईला सांगायचा, तिला सांग माझा टॉवेल दे. घरातला बार तसाच होता. त्याच्याखालून आम्ही सगळे वाकून ये-जा करत होतो. मी पट्टी काढून टाकायला गेले, तर निम्मीच निघाली.

सहाव्या की सातव्या दिवशी मी ताट घेऊन दारातून चालले होते, तर तो बारला लटकलेला. मी मागं सरकले. त्यानं पाय मागं दुमडलेलेच ठेवून माझ्याकडं न बघता म्हटलं, "मोज. पण बोलायचं न्हाई. लिही फक्त."

मी ताट खाली ठेवलं आणि डबा ओढला. आवाज नसल्यामुळं त्याला कुठं थांबायचं ते कळत नव्हतं. तो हनुवटी वर नेऊन दांड्यावर टेकवायचा, खात्री करायचा आणि मगच खाली यायचा. दात आवळलेले, मानेच्या शिरा वर. चार झाले. मी लिहिलं. तो उतरला आणि काही न विचारता गेला.

त्यानंतर रोज तसंच. खरे चार. खरे पाच. पाच. पाच. मेजर मैदानात त्याला वरच्या टोकाला धरून ठेवायला लावायचे, तीस-तीस सेकंद. शेवटचे दोन सेंटिमीटर अंग विसरलं होतं, ते परत शिकवायचं होतं. चौदा फेब्रुवारीला सकाळी मी लिहून वही मिटत होते तर तो डब्याशेजारी थांबला.

"आज सांग," तो म्हणाला.

"सहा."

"खरे?"

"खरे."

त्यानं मान हलवली, आणि आत जाऊन आईकडं भाकरी मागितली.

सतरा तारखेला मी त्याच्याबरोबर गेले. तू येऊ नको असं तो म्हणाला नाही, आणि चल असंही म्हणाला नाही, एस.टी.त मी त्याच्या शेजारी बसले. मैदानाच्या फाटकाबाहेर दोरी बांधली होती आणि दोरीअलीकडं शेकडो माणसं, बाप, मामा, भाऊ, चुरमुऱ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. आत काही दिसत नव्हतं. शिट्ट्या ऐकू यायच्या, बूट वाजायचे, मधूनच एखादा आवाज नंबर पुकारायचा. मी दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, पोरी, काय हरवलंय का.

बाद झालेली पोरं डावीकडच्या लहान दारातून बाहेर पडत होती, पास झालेली आतच थांबत होती. नऊला पळणं सुरू झालं. साडेनऊच्या पहिल्या घोळक्यात दिगू बाहेर आला नाही. दहाच्या दुसऱ्यात आला नाही. म्हणजे पळण्यात पास झाला होता. आता बीम. मी लहान दारासमोर उभी राहिले आणि ते उघडू नये असं मनात म्हणत राहिले. ते दर दोन-तीन मिनिटांनी उघडत होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी उघडलं तेव्हा तो होता. बूट हातात, छातीवर निळ्या शाईनं लिहिलेला नंबर घामानं पसरलेला. सरळ माझ्याकडं चालत आला आणि म्हणाला, मोजणारा सुभेदार चांगला होता, मनातल्या मनात मोजत होता, शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही त्यानं. एवढं बोलून तो बूट घालायला खाली बसला.

माझ्या पिशवीत फोन वाजला. आईचा. मी त्याच्यापुढं धरला. त्यानं लेस बांधता बांधता मान हलवली, तूच बोल. मी कानाला लावला. मागं अंगणवाडीतली पोरं कलकलत होती.

"पळण्यात झाला का गं?" आईनं विचारलं. मी हो म्हटलं. "आणि बीम? किती झाले?"

दिगूनं बसल्या जागेवरून वर पाहिलं आणि उजवा हात पुढं केला. तळहाताची कातडी दोन ठिकाणी निघाली होती. पाची बोटं उघडी होती. डावा हात बुटावरच होता.

"किती गं?" आई म्हणाली.

"पाच," मी म्हणाले.